हे दिवाणी मॅटर आहे, घरी जा!

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय 'कायदा आणि दलित तरुण'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी कुणी मोठा वकील नाही. अॅट्रॉसिटीच्या केसेस लढवणारे माझे मित्र आहेत, त्यांची नावं पेपरात येतात. मी दिवाणीवाला. भिंत, खोली, नळ, डिपॉझिट, हातउसने पैसे. दिवसभर तारखा घ्यायच्या आणि झेरॉक्स काढायच्या. आज मी ह्याच भिकार वाटणाऱ्या गोष्टींवर बोलणार आहे. कंटाळा आला तर सरळ सांगा.

आपल्या पोरांना कायदा म्हटलं की फौजदारीच आठवते. एफआयआर, लॉकअप, जामीन. साहजिक आहे. पोलिसाचा दांडा आपण पाळण्यातून बघितलाय. पण जरा आपापल्या घरात आठवून बघा. आज्याची जमीन कशी गेली? बापाची खोली कशी गेली? मावशीनं धुणीभांडी करून साठवलेले पैसे कुणी बुडवले? दांड्यानं थोडंच गेलं. बाकी सगळं दिवाणीत गेलं, आणि तिथं आपण हजरच नव्हतो.

माझ्याच घरचं सांगतो.

१९९६ साली माझा बाप गेला. आमची खोली वस्तीत, दहा बाय बारा. बापानं ती शंभराच्या बाँडपेपरवर घेतलेली, नोटरीचा शिक्का मारून. ह्या मुंबईतल्या निम्म्या वस्त्या असल्याच कागदावर उभ्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे. १९९७ च्या मे महिन्यात आई मला घेऊन गावी गेली, बापाच्या वर्षाच्या कार्यक्रमाला. बारा दिवसांनी परत आलो तर दाराला दुसरंच कुलूप. आमची भांडी, गोधडी, माझी पुस्तकं गटाराच्या कडेला. कुलूप कुणाचं? माझ्या सख्ख्या चुलत्याचं.

आई म्हणाली, "भावजी, कुलूप काढा." तो म्हणाला, "वहिनी, खोलीचे पैसे मी दिले होते. दादाचं नुसतं नाव होतं." बाँडपेपर कुठाय म्हणाल, तर खोलीतच, ट्रंकेत. म्हणजे त्याच्याच हातात.

आई पोलीस चौकीवर गेली. तिथल्या साहेबानं अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, हे दिवाणी मॅटर आहे. कोर्टात जा." त्यानं घरी जा म्हटलं नव्हतं, कोर्टात जा म्हटलं होतं. पण आईनं ऐकलं ते 'घरी जा'. नंतर मला म्हणाली, "आरं, कोर्ट म्हंजे खून केल्याल्यांचं. आपुन कुणाचा खून केलाय?"

हे हसण्यासारखं आहे, हसा. पण मी तेव्हा नववीत होतो आणि मलाही तेच वाटलं होतं.

मग आम्ही काय केलं? जे सगळे करतात ते. जातभाईंची बैठक बसवली. पंचांनी दोन्हीकडचा चहा पिला. नगरसेवकाच्या ऑफिसात बाकावर बसलो. तो म्हणाला, घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या. मामाच्या खोलीत आम्ही दोघं आणि त्यांची सहा माणसं. असे आठ महिने गेले. आठ महिन्यांनी आईच्या कामावरच्या बाईंनी ओळखीच्या वकिलाकडे पाठवलं. त्या वकिलानं सगळं नीट ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुलूप कधी लागलं? तारीख सांगा." आईनं सांगितली. त्यानं पेन खाली ठेवलं.

त्या पेन ठेवण्याचा अर्थ मला दहा वर्षांनी कळला, लॉ कॉलेजच्या वर्गात. विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३, कलम ६. लिहून घ्या. एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध, कायदेशीर मार्ग सोडून स्थावर जागेतून बाहेर काढलं, तर त्यानं सहा महिन्यांच्या आत दावा करायचा. कोर्ट फक्त एवढं बघणार: तू आत होतास का? ह्यानं तुला कायदा बाजूला ठेवून बाहेर काढलं का? झालं. मालक कोण, बाँडपेपर कुणाच्या नावावर, पैसे कुणी दिले, हे त्या दाव्यात विचारायचंच नाही. काढणारा खरा मालक असला तरी त्यानं आधी कब्जा परत द्यायचा, आणि मग वेगळा दावा करून आपली मालकी सिद्ध करायची. आणि असल्या दाव्याच्या निकालावर अपील नाही.

दोस्तांनो, ज्याच्याकडे सातबारा नाही, रजिस्टर खरेदीखत नाही, ज्याच्याकडे फक्त त्या चार पत्र्यांच्या आत झोपण्याची सवय आहे, त्याच्यासाठी ह्या देशाच्या कायद्यात इतकं सोपं कलम दुसरं मला सापडलेलं नाही. आणि त्याची मुदत सहा महिने. आम्ही आठव्या महिन्यात पोचलो.

खोटं नको, दार पूर्ण बंद झालं नव्हतं. सहा महिन्यांनंतरही कब्ज्यासाठी दावा करता येतो, त्याला बारा वर्षांची मुदत आहे. पण मग हक्क कुणाचा ते काढावं लागतं. कागद लागतात. शेजाऱ्यांची साक्ष लागते. कागद चुलत्याकडे. आणि शेजारी? आईनं सात दारं ठोठावली. ज्या बाईबरोबर तिनं वीस वर्षं एका नळावर पाणी भरलं ती म्हणाली, "तुझं खरं हाय गं, पन आमाला हितंच ऱ्हायाचंय." आईनं दावा केलाच नाही. पुढं तिथं एसआरएची बिल्डिंग झाली. २००५ साली चुलत्याला दोनशे पंचवीस फुटांची खोली मिळाली. आई २०१४ ला मामाच्या माळ्यावर गेली.

आता त्या साहेबाबद्दल. तो साफ खोटंही बोलला नव्हता, अर्धं बोलला होता. घरात घुसून सामान बाहेर फेकणं हा गुन्हासुद्धा असू शकतो. एकच घटना एकाच वेळी फौजदारी आणि दिवाणी दोन्ही असू शकते, हे पक्कं डोक्यात ठेवा. गुन्हा असेल तर तक्रार लिहून घ्या म्हणून अडून बसा. पण त्या भांडणात दिवाणीचे दिवस घालवू नका. चौकीवर 'दिवाणी मॅटर' हे शब्द कानावर पडले की त्या दिवसापासून बोटं मोजायला लागा.

काही जण म्हणतील, कोर्ट काय आपलं आहे काय? ही त्यांची कोर्टं, त्यांची भाषा, त्यांचे जज. मीसुद्धा कॉलेजात असताना असंच टेचात बोलायचो. मग मी महाडची केस वाचली.

महाड आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं, ओंजळीतलं पाणी. २५ डिसेंबर, मनुस्मृतीचं दहन. पण मधलं काय झालं ते आपण गाण्यात घेत नाही. नगरपालिकेनं १९२४ साली तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. तो ठराव तिनं ऑगस्ट १९२७ मध्ये फिरवला. आणि १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी काय केलं? लाठ्या तर मार्चमध्येच चालवून झाल्या होत्या. ह्या वेळी त्यांनी दिवाणी दावा लावला. बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर. म्हणणं काय, तळं आमचं, अस्पृश्यांना मनाई करा. दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघालाही. सत्याग्रहाला हजारो माणसं जमली आणि कोर्टाचा कागद समोर उभा. ज्या परिषदेनं एक कायद्याचं पुस्तक जाळलं, तिनंच दुसऱ्या कायद्याच्या एका कागदापुढं तळ्याचा सत्याग्रह तहकूब केला.

मला हे वाचून आधी राग आला होता. पुढचं वाचल्यावर उतरला. बाबासाहेब ती केस सोडून गेले नाहीत. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ ला दाव्याचा निकाल आपल्या बाजूनं. सवर्ण अपिलात ठाण्याला गेले, १९३३ ला तिथं हरले. मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला ते अपीलही फेटाळलं गेलं. तळं खाजगी मालकीचं हे टिकलं नाही, आणि आम्ही अनादि काळापासून ह्यांना तळ्यावर येऊ दिलेलं नाही अशी वहिवाटही त्यांना सिद्ध करता आली नाही. मधे गोलमेज परिषद, पुणे करार, येवल्याची घोषणा, एवढं सगळं झालं. आणि त्या सगळ्या धामधुमीत एका तालुक्याच्या दिवाणी दाव्यात सव्वानऊ वर्षं हजेरी लागत होती. त्यांना काय दुसरे उद्योग नव्हते?

आज असा दावा कुणी लावू शकत नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा, ज्याला १९७६ पासून आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, त्याचं कलम १३ काढून बघा. अस्पृश्यता पाळण्याचा हक्क मागणारा दावा दिवाणी कोर्टानं घ्यायचाच नाही. आणि १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात, आपल्या माणसाला छळायला गैरदलितानं खोटा दावा लावणं हाच गुन्हा आहे. सध्याच्या मसुद्यात कलम ३(१)(त), इंग्रजी प्रतीत पी. हे किती जणांना माहीत होतं? हात वर करा. तीन. ठीक आहे.

आणि १९७६ च्या दुरुस्तीत दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४८-अ आलं. कॅव्हेट. समोरचा कोर्टात जाऊन आपल्या पाठीमागं मनाई हुकूम आणेल अशी भीती असेल, तर आधीच अर्ज ठेवायचा की मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. नव्वद दिवस चालतो, मग पुन्हा द्यायचा.

आता समन्सचं सांगतो, कारण ह्यात आपली माणसं सगळ्यात जास्त मरतात.

बेलिफ वस्तीत आला की काय होतं? पोरं ओरडतात, "ए, कोर्टाचा माणूस आला." बाप मागच्या दारानं पळतो. आई म्हणते, ते गावाला गेलेत. कागद घ्यायचाच नाही, म्हणजे केस लागणार नाही! आरं बाबा, केस लागलेली आहे. तू कागद घेतला नाहीस तर तो दाराला चिकटवला जातो, आणि कोर्ट ते बजावलं असं धरतं. तू गेला नाहीस की एकतर्फी हुकूमनामा. समोरच्यानं सांगितलेलं खोटं, उत्तर द्यायला कुणी नाही म्हणून खरं ठरतं. मग एक दिवस तोच बेलिफ पोलीस घेऊन खोली रिकामी करायला येतो आणि आपण मोर्चा काढतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, समन्स मिळालं नव्हतं किंवा न येण्याला सबळ कारण होतं हे दाखवून. पण त्यालाही मुदत तीस दिवस. समन्स घ्या. सही करा, तारीख टाका, त्या दिवशी जा. लेखी जबाब द्यायला कायदा तीस दिवस देतो, फार तर नव्वद. समन्स घेतलं म्हणजे गुन्हा कबूल केला असं नसतं.

पैशाचं थोडक्यात. हातउसने दिले, तीन वर्षांत दावा. "देतो रे, दिवाळीला देतो" ह्यानं मुदत एक दिवसानं वाढत नाही. तीन वर्षं संपायच्या आत त्यानं लेखी कबूल केलं आणि सही केली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं. तोंडी कबुलीला तेवढी किंमत नाही. मुदत गेली असेल तर समोरचा गप्प बसला तरी कोर्ट स्वतःहून दावा काढून टाकतं. उशीर माफ करण्याची सोय अपिलाला आहे, दाव्याला नाही. लग्नात, बारशात ज्या मित्राला पन्नास हजार दिलेत त्याच्याकडून चिठ्ठी घ्यायला लाज वाटते हे मला कळतं. मलाही वाटते. मीही एकदा बुडालोय.

दिवाणी कोर्टात काय नेता येतं? संहितेचं कलम ९ म्हणतं, दिवाणी स्वरूपाचा कुठलाही दावा, जोवर एखाद्या कायद्यानं तो अडवलेला नाही. म्हणजे आपला कायद्यानं मानलेला हक्क पाहिजे, तो कुणीतरी मोडलेला पाहिजे, आणि कोर्ट देऊ शकेल अशी मागणी पाहिजे. पैसे, कब्जा, मनाई, हक्क जाहीर करणं. नुसता राग आला म्हणून दावा होत नाही. आणि प्रत्येक भांडणाचं दार वेगळं. मुंबईत भाडेकरू-मालक, लिव्ह-लायसन्सची भांडणं लघुवाद न्यायालयात. झोपडपट्टी कायदा, १९७१ नं जे विषय सक्षम अधिकाऱ्याकडे दिलेत, त्यात दिवाणी कोर्टाला कलम ४२ नं बंदी आहे. कलम ६ चा दावा सरकारवर चालत नाही. दुकानदारानं फसवलं तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, वकील नसला तरी चालतं, आणि माल किंवा सेवा पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. चुकीच्या दारात वर्ष घालवलेली माणसं मी रोज बघतो.

आणि लिव्ह-लायसन्सवर राहणाऱ्या तुम्ही पोरांनो, करार लेखी आणि रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. त्यानं नाही केला आणि भांडण झालं, तर अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे ऐकवलं की डिपॉझिट दाबणाऱ्या मालकाचा आवाज खाली येतो. पाणी-लाईट तोडणंही ह्याच कायद्याच्या कलम २९ नं मना आहे.

पण आडनाव ऐकून खोली नाकारली तर? तुमच्यापैकी निम्म्यांना हे झालंय. इथं मी खोटा धीर देणार नाही. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी ह्यांना लागतं. खाजगी घरमालकाला खोली द्यायला लावणारा सरळ दावा आज माझ्या हातात नाही. उलट २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवू दिलं. त्यासाठी कोर्टात नाही, रस्त्यावर आणि विधानसभेवर जावं लागेल.

अजून एक सावधगिरी. कलम ६ म्हणजे जादूची कांडी नाही. गोव्यातलं एक प्रकरण, भाऊ-बहिणीचं. बहिणीच्या घरात भाऊ राहत होता, त्यानं कलम ६ चा दावा लावला, खाली जिंकलाही. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं उलटवलं. दुसऱ्याचं घर सांभाळायला किंवा प्रेमानं राहिलेल्याचा कब्जा हा त्याचा स्वतःचा कब्जा होत नाही. म्हणून तुम्ही आत कोणत्या नात्यानं होता, हे दाखवणारं लाईटबिल, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, सर्वेची पावती, जे असेल ते घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. ट्रंकेत ठेवू नका.

खर्चाचं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, कलम १२. अनुसूचित जाती, जमाती, बाया, औद्योगिक कामगार, ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील. प्रत्येक जिल्हा कोर्टात ऑफिस आहे. एक अर्ज, एक प्रतिज्ञापत्र. कोर्ट फीचीही सोय होते. मिळणारा वकील कसा? कधी चांगला, कधी तारखेलाच न येणारा. न येणारा असेल तर बदलून मागा. ते दान नाही.

मी आज इथं आलो त्याचं खरं कारण आता सांगतो. संयोजकांनाही हे सांगितलं नव्हतं.

ह्याच वस्तीतल्या एक विधवा मावशी गेल्या महिन्यात माझ्याकडे आल्या. नाव सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल. मुलगा आजारी म्हणून त्या आठवडाभर हॉस्पिटलात होत्या, आणि एका दादानं त्यांच्या खोलीला कुलूप लावलं. चौकीवर त्यांना तेच वाक्य ऐकायला मिळालं. मी तारीख विचारली आणि कॅलेंडर काढलं. आज पाच महिने सोळा दिवस झालेत. दावा टाईप झालाय, ऑफिसात टेबलावर आहे, सोमवारी दाखल करतोय.

मावशी त्या खोलीत राहत होत्या आणि कुलूप त्या दिवशी लागलं, एवढंच सांगणारे दोन माणसं मला पाहिजेत. त्यांच्या गल्लीतले. मी नऊ घरी जाऊन आलो. नऊही घरी चहा मिळाला.

त्या गल्लीतली पोरं इथं आहेत. मागच्या दोन रांगांत बसलीत, मघापासून खाली बघतायत. मी बाहेर पायरीवर बसतो. रात्री दहापर्यंत आहे.